‘लेकरं वाचवा’ म्हणणारी मोहीम: तेव्हाची मायामी, आताचा आपला मराठवाडा

गोदाकाठचा_परभणीकर

आमच्या भागात एक विषय सप्ताहाच्या मंडपात शिरलाय आणि त्यावर कुणी उघड बोलत नाही, म्हणून हा धागा काढतोय. सगळे महाराज असं बोलत नाहीत हे आधीच सांगतो. पण मी ऐकलंय. कीर्तन रंगात आलं की मधेच ‘पोरं पोरांशी लग्न करायलीत, पोरी पोरींसोबत पळून जायलीत, कायद्यानंच मोकळीक दिली, आता आपली लेकरं वाचवा’ असं सुरू होतं, मग मंडपात हशा, मग टाळ्या, आणि दुसऱ्या दिवशी नेमका तेवढाच तुकडा रील होऊन गावातल्या प्रत्येक ग्रुपवर. मागं बसलेल्या एखाद्या सतरा वर्षाच्या पोराला त्या हशात काय होत असेल हे मला पक्कं माहीत आहे, कारण मी तिथं बसलेलो आहे. मी समलिंगी आहे. कॉलेजात इतिहास शिकवतो, खरं नाव लिहीत नाही, समजून घ्या.

‘लेकरं वाचवा’ हे शब्द जसेच्या तसे आधी वापरून झालेत. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात मायामी शहर ज्या डेड काउंटीत येतं तिथं जानेवारी १९७७ मध्ये एक साधा नियम झाला, की माणूस समलिंगी आहे म्हणून त्याला नोकरीवरून काढायचं नाही, भाड्याचं घर नाकारायचं नाही. बस्स एवढंच. त्याविरुद्ध अनिता ब्रायंट नावाची गायिका उभी राहिली. ती घरोघरी माहीत होती कारण फ्लोरिडाच्या संत्र्याच्या रसाची जाहिरात तीच करायची, शिवाय कट्टर बाप्टिस्ट पंथाची ख्रिस्ती. तिच्या संघटनेचं नावच होतं ‘आमची लेकरं वाचवा’. म्हणणं काय तर या लोकांना मूलबाळ होत नाही म्हणून ते आपली लेकरं ओढून नेतात. चर्चमधून सह्या गोळा झाल्या, सार्वमत घ्यायला दहा हजार लागत होत्या, त्याच्या कितीतरी पट जमा झाल्या. ७ जून १९७७ ला मतदान झालं आणि जवळपास ६९ टक्के लोकांनी नियम रद्द करा म्हणून मत दिलं. दोनास एकहून जास्त फरकानं आपली माणसं हरली.

आता इथून पुढचं बघा. त्या रात्रीच सॅन फ्रान्सिस्कोत लोक रस्त्यावर उतरले. आठ-दहा दिवसांत टेक्सासात ह्यूस्टनला वकिलांच्या अधिवेशनात ब्रायंट गाणार होती, तिथं हजारो माणसं मोर्चानं आली, आणि त्या शहरात अशी माणसं एवढ्या संख्येनं दिवसाढवळ्या एकत्र कुणी पाहिलीच नव्हती. २६ जूनच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मोर्चाला दोन लाखांच्या आसपास लोक होते. त्याच आठवड्यात तिथं नगरपालिकेच्या बागेत माळीकाम करणाऱ्या एका समलिंगी माणसाला भोसकून मारलं होतं आणि त्याच्या आईनं ब्रायंटच्या प्रचाराला जाहीरपणे जबाबदार धरलं. लोकांनी संत्र्याच्या रसावर बहिष्कार टाकला, बारमध्ये व्होडकात संत्र्याऐवजी सफरचंदाचा रस घालून द्यायला लागले. रेव्हरंड ट्रॉय पेरी म्हणून पाद्री आहेत, स्वतः समलिंगी, १९६८ साली त्यांनी सगळ्यांना दार उघडं असलेलं चर्च काढलं होतं, ते लॉस एंजेलिसात सरकारी इमारतीच्या पायऱ्यांवर उपोषणाला बसले. म्हणजे धर्माच्या नावानं चाललेल्या मोहिमेसमोर धर्मातलाच माणूस उपाशी बसला होता, हे मला फार मोठं वाटतं.

पुढं १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात जॉन ब्रिग्ज नावाच्या आमदारानं आणखी पुढचं पाऊल टाकलं, समलिंगी शिक्षकांना शाळेतून काढा, आणि त्यांची बाजू घेणाऱ्यालाही काढा. सुरुवातीला सगळ्यांना वाटत होतं हे सहज पास होणार. हार्वे मिल्क, स्वतः उघडपणे समलिंगी, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळावर निवडून आलेला होता, त्याचं लोकांना एकच सांगणं, की घरी सांगा, शेजाऱ्याला सांगा, सोबत काम करणाऱ्याला सांगा, ते ज्याला मत देऊन नोकरीवरून काढणार आहेत तो तुम्ही आहात हे त्यांना कळू द्या. लोक दारोदार फिरले. नोव्हेंबर १९७८ मध्ये तो प्रस्ताव ५८ विरुद्ध ४२ टक्क्यांनी पडला. मायामीच्या मतदानाला तेव्हा दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं. (मिल्कला त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत गोळ्या घातल्या, तेही लिहायला पाहिजे.)

माझं म्हणणं एवढंच आहे की ‘लेकरं वाचवा’ला उत्तर कोर्टाच्या निकालानं मिळत नाही. ते मिळतं ज्या लेकरांना वाचवायचं म्हणतात त्यातलीच काही आम्ही आहोत हे गावाला कळलं म्हणजे. पण आपल्या गावात घरी सांगणं म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. वाटणीची जमीन, भावाची सोयरीक, आईचं भिशीत जाणं, सगळं त्याच्याशी बांधलेलं. म्हणून विचारतो, इथं मराठवाड्यात आपण काय करू शकतो? मोर्चा, निवेदन, की आणखी काही?

बीडचा_राजा_माणूस

सर मुद्दा मांडलाय चांगला पण माझं मत वेगळं आहे. कायदा झाला ते ठीक, कुणाला जेलात टाका असं मी म्हणत नाही. पण महाराज लोकांना त्यांच्या मंडपात त्यांचं बोलू द्या की. लोक श्रद्धेनं येतात. तुम्ही तिथं मोर्चा नेला तर गाव तुमच्यावरच उलटणार, आणि लहान लेकरांसमोर हा विषय कशाला पाहिजे हे मलाही कळत नाही.

गोदाकाठचा_परभणीकर

राजाभाऊ, लहान लेकरांसमोर विषय मी काढलेला नाही, माईकवरून काढला गेला, आणि पुढच्या रांगेत चौथी-पाचवीची लेकरं टाळ घेऊन बसलेली होती. मंडपात मोर्चा न्यायचा माझाही विचार नाही.

खंडपीठ_वकील

कायद्याचं जरा स्पष्ट करतो कारण ‘कायद्यानं मोकळीक दिली’ यावर फार गोंधळ आहे. कलम ३७७, म्हणजे ‘निसर्गाविरुद्धचे’ शरीरसंबंध गुन्हा ठरवणारं कलम, इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलं. दिल्ली हायकोर्टानं २ जुलै २००९ ला सांगितलं की सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना ते लागू होणार नाही. त्यावर केंद्र सरकार अपिलात गेलं नाही. अपिलात कोण गेलं? एक ज्योतिषी, काही ख्रिस्ती संघटना, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, रामदेवबाबांचे एक शिष्य, अशी एरवी एका सतरंजीवर न बसणारी मंडळी. ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, आणि चारच दिवसांत, १५ डिसेंबरला, देशात आणि बाहेरही अनेक शहरांत एकाच दिवशी निदर्शनं झाली. धार्मिक मोहिमेविरुद्ध आपल्या देशातलं आंदोलन बघायचं तर ते हे.

६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमतानं आधीचा निकाल फिरवला. न्या. इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं की इतिहासानं या लोकांची माफी मागायला हवी. न्या. नरिमन यांनी त्यांच्या निकालपत्रात सरकारला सांगितलं की या निकालाला रेडिओ, टीव्ही, पेपरमधून वेळोवेळी प्रसिद्धी द्या आणि पोलिसांना प्रशिक्षण द्या. ही प्रसिद्धी आपल्या तालुक्यात कुणी पाहिली का? मी तरी नाही. सरकारनं सोडलेली ती जागा रीलवाल्यांनी भरली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर ३७७ सारखं कलमच नाही.

आणि लग्नाची मोकळीक अजून मिळालेली नाही हेही सांगा लोकांना. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं ते संसदेवर सोडलं. तेव्हा ‘पोरं पोरांशी लग्न करायलीत’ हे माईकवरून सांगणं वस्तुस्थितीलाही धरून नाही.

महाराजांना बोलायचा अधिकार आहे, राजाभाऊ तिथं बरोबर आहेत. तसाच उत्तर द्यायचा अधिकार यांनाही आहे. संभाजीनगर शहरात क्रांती चौकात निदर्शनं करायची तर आधी पोलिस ठाण्यात अर्ज द्या, जमावबंदीचे आदेश लागू असतात तेव्हा परवानगीशिवाय उभं राहिलात तर गुन्हे दाखल होतात, आणि पोराला गुन्ह्याचा कागद घरी गेला की सगळंच उघडं पडतं.

शाई_फेका_आता

अर्ज, निवेदन, मसुदा, यानं काही होत नाही. १९७७ ला ब्रायंटबाईच्या तोंडावर टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर केक फेकला होता ते सरांनी लिहिलंच नाही. आपल्याकडं शाई आहे. एकदा फेकली की परत कुणी त्या विषयाला हात लावणार नाही.

गोदाकाठचा_परभणीकर

मुद्दाम नव्हतं लिहिलं. ऑक्टोबर १९७७, आयोवा राज्यातलं डे मॉइन शहर, पत्रकार परिषद चालू असताना एकानं तिच्या तोंडावर फळाचा पाय, म्हणजे त्यांच्याकडचा तो गोड केकसारखा पदार्थ, मारला. तिनं तिथंच बसून प्रार्थना सुरू केली आणि रडली. ते चित्रण आजही लोक बघतात. पण दादा, बघणाऱ्याला त्यात एक बाई रडताना दिसते. ज्यांची नोकरी-घरं गेली त्यातलं कुणीच त्या चित्रात नाही. बहिष्कार आणि दारोदार फिरणं याचं चित्रण कुणाला आठवत नाही पण कॅलिफोर्नियातली मतं त्यानं फिरली. शाई फेकली तर रीलमध्ये महाराज दिसणार, आपलं पोर नाही दिसणार.

मिलिंदनगरवाला

सरांना अनुमोदन. आमच्या घरात नामांतर बघितलेली माणसं आहेत म्हणून लिहितो. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला आणि लगेच मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधली साडेपंधरा वर्षं लाँग मार्च, तुरुंग, मार, सगळं सोसलं पण आमच्या म्हाताऱ्यांनी कागद सोडला नाही, प्रत्येक वर्षी निवेदन, प्रत्येक वर्षी मोर्चा. मायामीचा तो नियम परत कधी आला ते बघितलं मी, डिसेंबर १९९८, म्हणजे एकवीस वर्षांनी आणि तोही सात विरुद्ध सहा मतांनी. एका मताचा फरक. तेव्हा अर्ज-निवेदनाला काही होत नाही असं म्हणू नका.

आणि एक, गावात माणूस माणसाला किती सहज ‘हे बाहेरचं’ म्हणतो ते आम्हाला सांगायची गरज नाही. क्रांती चौकात उभं राहायचं ठरलं तर आमच्या पोरांना कळवा, येतील.

माळकरी_पैठण

मी वारकरी आहे, तीन पिढ्या माळ आहे घरात, सप्ताहात वीणा धरून पहारा करतो. वाचून वाईट वाटलं पण लिहिल्याशिवाय राहवेना.

नाथमहाराजांच्या गावचा आहे मी. वाळवंटात रडणारं अस्पृश्याचं लेकरू नाथांनी कडेवर उचललं, श्राद्धाचं अन्न ज्यांना गावाबाहेर ठेवलं होतं त्यांना वाढलं आणि स्वतः बहिष्कार सोसला, ह्या कथा आम्ही षष्ठीला दरवर्षी ऐकतो. त्याच मंडपात एखाद्याच्या पोराला हसायचं? कीर्तनात विनोद असतो, मी नाही म्हणत नाही, पण पूर्वी विनोद स्वतःवर, प्रपंचावर, सासू-सुनेवर असायचा. आता रीलला काय चालतं ते बघून विषय घेतात काहीजण. बिदागी वाढते त्यानं. हे संप्रदायाचं नाही, हे बाजाराचं आहे.

मला ह्या विषयातलं फार कळत नाही, खरं सांगतो. पण विठोबाच्या दारात कुणाला चुकीचं म्हणून उभं करायचा अधिकार मला नाही एवढं कळतं. पाद्रीबाबा उपोषणाला बसले म्हणता, तसं आमच्यातल्यांनी बोलायला पाहिजे, बाहेरच्यांनी बोललं की ‘धर्मावर हल्ला’ होतो.

डॉ_मानसोपचार_संभाजीनगर

मला एका बाजूचं लिहायचंय जे मोर्चापेक्षा तातडीचं आहे. असे रील फिरले की त्याचा परिणाम आमच्या ओपीडीत दिसतो. वडील आणि मामा पोराला घेऊन येतात, पोरगा मान वर करत नाही. सोबत प्लास्टिकची पिशवी, तिच्यात अंगाऱ्याच्या पुड्या, कुठल्याशा बाबानं दिलेला काळा दोरा, आणि कुणीतरी लिहून दिलेल्या झोपेच्या गोळ्यांच्या अर्ध्या संपलेल्या पट्ट्या. मामा बोलणार, बाप गप्प. प्रश्न ठरलेला, ‘लग्न करून दिलं की होईल का ठीक?’

नाही होणार. आणि दुसऱ्याच्या लेकीचं आयुष्य त्यात जाईल. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच आजारांच्या यादीतून काढलं, भारतीय मानसोपचार संघटनेनंही २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं. मद्रास हायकोर्टानं २०२१ मध्ये ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्या उपचारांवर बंदीचे निर्देश दिले आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं असे उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. कुणी डॉक्टर असं करत असेल तर मेडिकल कौन्सिलकडं तक्रार करता येते. बाबा-बुवा करत असेल तर ते वेगळं, तिथं वकीलसाहेबांनी सांगावं.

अमेरिकेतही ‘प्रार्थनेनं बदलतो’ म्हणणारी एक मोठी ख्रिस्ती संघटना होती, एक्झोडस इंटरनॅशनल. १९७६ ला निघाली, २०१३ ला तिच्याच अध्यक्षानं लोकांची माफी मागितली आणि संघटना बंद केली. सदतीस वर्षं किती पोरांनी स्वतःला दोष दिला असेल.

हे वाचणारं कुणी त्या मानसिक अवस्थेत असेल तर टेली-मानसचा १४४१६ नंबर सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, नाव सांगायची सक्ती नाही.

खंडपीठ_वकील

बाबा-बुवाचं म्हणाल तर अंगातलं काढतो म्हणून मारहाण, चटके, डांबून ठेवणं असेल तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. सज्ञान मुलाला घरच्यांनी कोंडून ठेवलं तर हायकोर्टात हेबिअस कॉर्पस, म्हणजे कोंडलेल्या माणसाला कोर्टासमोर हजर करा अशी याचिका, करता येतं.

बीडचा_राजा_माणूस

डॉक्टरसाहेबांचं वाचून जरा थांबलो. माझ्या चुलत मेहुण्याचं असंच घाईत लग्न केलं होतं, वर्षात मोडलं, आणि बोल सगळे पोरीला लागले. का मोडलं ते घरात आजपर्यंत कुणी विचारलं नाही. माझं मत लगेच बदललं असं समजू नका. पण ती पोरगी डोळ्यासमोर आली.

उदगीरची_काकू

मी पहिल्यांदाच लिहायलेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझी मुलगी अशी आहे. पुण्यात नोकरीला आहे, मला तिनं स्वतः सांगितलं तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते, ते आता जाऊ द्या. आता ती आणि तिची मैत्रीण दिवाळीला घरी येतात, मैत्रीण म्हणूनच येते, जाऊबाईंना कळलंय पण त्या बोलत नाहीत कुणाला.

यावर्षी आमच्या गावच्या सप्ताहात बाहेरून आलेल्या महाराजांनी हाच विषय घेतला. बायकांच्या बाजूला सगळ्या तोंडाला पदर लावून हसत होत्या, माझ्या शेजारची तर मला कोपर मारून हसली. मला उठायचं होतं पण उठले तर का उठले विचारतील म्हणून बसले. रात्री झोप नाही. सकाळी पंगतीच्या पोळ्या लाटायला आम्ही बायका जमतो, तिथून हात धुऊन मी आणि जाऊबाई सरळ महाराज उतरले होते त्या घरी गेलो. त्यांचा चहा चालू होता. मी म्हणलं महाराज, कालचं ते माझ्या लेकीबद्दल बोललात. ते म्हणाले माउली, मी कुणाचं नाव घेतलं नाही. मी म्हणलं नाव घेतलं नाही म्हणूनच सगळ्यांचं घेतलं. माझी लेक तुमची कीर्तनं यूट्यूबला ऐकत मोठी झाली, हरिपाठ तोंडपाठ आहे तिला, तिला तुम्ही कुणापासून वाचवायलात? जाऊबाई मधेच म्हणाल्या, ती सणाला आली की म्हाताऱ्या सासूचे पाय तीच दाबती, आमच्या पोरी नाही दाबत.

महाराज बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, येतो विषय बोलण्याच्या ओघात. त्यानंतर काल्यापर्यंत तो विषय निघाला नाही. माफी वगैरे काही नाही. आणि समितीतल्या एकानं माझ्या मालकांना गाठून सांगितलं, वहिनींना जरा समजावा, महाराज लोकांकडं असं जाऊ नये. मालक मला काहीच बोलले नाहीत, पण त्या माणसाकडं चहाला जाणं बंद केलंय त्यांनी.

मिलिंदनगरवाला

काकू, तुम्हाला आणि जाऊबाईंना मनापासून जयभीम. धाग्यात सगळे विचारत होतो काय करायचं, तुम्ही करून आलात.

माळकरी_पैठण

माउली, दंडवत. तुमच्यासोबत मी असतो तर बरं झालं असतं. आता काम करू. सप्ताह समित्या पुढच्या वर्षाच्या कीर्तनकारांच्या तारखा आधीच घेतात, सुपारी देतानाच विषय आणि शिस्त सांगायची पद्धत आहे, दारूबंदीवर बोला, हुंड्यावर बोला असं आम्ही सांगतोच. तसंच हेही सांगता येईल की कुणाच्या लेकराची टिंगल मंडपातून नको. मी आमच्या समितीत आणि ओळखीच्या तीन-चार गावांत पत्र देतो. सर तुम्ही लिहा, तुमची भाषा चांगली आहे. खाली वारकऱ्यांच्या सह्या मी घेतो, बाहेरच्या संघटनेचं नाव नको.

गोदाकाठचा_परभणीकर

दादा, आजच लिहितो. छोटंच ठेवू. एक, समलिंगी असणं गुन्हा नाही, ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल. दोन, आजार नाही. तीन, ही लेकरं याच गावची, याच मंडपात बसणारी आहेत, त्यांची चेष्टा माईकवरून होऊ नये. त्यात वाद घालायचं काही ठेवायचं नाही. वकीलसाहेब, तुम्ही नजर टाका एकदा.

खंडपीठ_वकील

पाठवा. कुठल्या महाराजांचं नाव, गावाचं नाव अजिबात नको, नाहीतर बदनामीच्या नोटिशीत अडकाल आणि मूळ विषय बाजूला राहील. डॉक्टरांनी त्यांच्या नावानं दोन ओळी दिल्या तर वजन येईल.

डॉ_मानसोपचार_संभाजीनगर

देते. लेटरहेडवर देते, नोंदणी क्रमांकासहित.

उदगीरची_काकू

पत्राखाली माझं नाव टाका. ‘एक आई’ असं नको, पूर्ण नाव, गावासकट.

खंडपीठ_वकील

काकू, तुमची हिंमत मोठी आहे, पण आधी लेकीला विचारा. तुमचं नाव आलं की तिचं आपोआप उघड होतं, आणि ते सांगायचं का, कधी, कुणाला, हा निर्णय तिचाच पाहिजे. तिच्या मैत्रिणीच्या घरचाही विचार करा.

उदगीरची_काकू

हे बरोबर बोललात. रात्री फोन असतो तिचा, विचारते. ती नको म्हणली तर जाऊबाई सही करायला तयार आहेत, त्यांनीच सांगितलंय आत्ता.